कोपराची परतवाट

मुलांनो, एक हिरवा ऊस मनात आणा. रसानं भरलेला, मनगटाएवढा जाड. तो गुडघ्यावर टेकवा आणि दोन्ही हातांनी वाकवा. वाळक्या काटकीसारखे त्याचे फटकन दोन तुकडे होत नाहीत. एका बाजूची साल ताणली जाऊन फाटते, आतले धागे उघडे पडतात. दुसऱ्या बाजूची साल नुसती चेपते आणि दोन्ही तुकडे धरून ठेवते. आता तो मोडलेला ऊस एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात द्या. मोडताना तो तिथं नव्हता, तरी धाग्यांकडं बघून तो सांगेल की ऊस कुठल्या बाजूला वाकवला, सरळ वाकवला की पिळला.

तुमच्या हाताचं हाड आत्ता त्या उसासारखंच आहे. दहा-अकरा वर्षांचं हाड ओलं असतं. ते मोडतं तेव्हा कुठल्या वाटेनं मोडलं, हे आपल्या धाग्यांमध्ये लिहून ठेवतं.

आणखी थोडं मनात आणा. आपण वीसेक वर्षं पुढं आलो आहोत आणि हे लिखाण वाचणारं एक यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात येऊन बसलं आहे. कागदोपत्री त्याचं नाव ‘परतवाट’. पण हाताला वेढा घालून बसणारी ती जाड, राखाडी बाही बघून मुलांनी त्याला केव्हाच अजगर करून टाकलं होतं. अजगराच्या पोटात हवेच्या चौसष्ट उशा असतात. त्यांच्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज हाडावर जातो, आपटून परत येतो, आणि त्यातून पडद्यावर हाडाचा एकेक धागा उमटतो. मग यंत्र ठरवतं, हा तुकडा इथून निघाला, असा वळला, इथं येऊन थांबला. आणि उशा फुगवत, सोडत, त्याच वाटेनं तुकड्याला मागं नेतं. तुकडा जागेवर आला की कातडीतून केसाएवढ्या दोन सुया आत जातात, त्याला धरून ठेवतात आणि सहा आठवड्यांत विरघळतात. चाकू नाही, टाके नाहीत.

आलं सगळं मनात? मग चला माणकेवाडीच्या तालमीत. पाय जपून टाका, आत मारामारी चालू आहे.

रविवारची सकाळ होती. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीला ताक आणि हळदीचा वास सुटला होता. भिंतीला टेकून दहा मुली उकिडव्या बसल्या होत्या आणि मातीत दोघी एकमेकींना भिडल्या होत्या. एक ईश्वरी मगदूम, वय अकरा, तालमीच्या वस्तादांची मुलगी. दुसरी मनाली कोळेकर, तिच्याहून दोन किलोनं हलकी आणि दुपटीनं चपळ. जिल्ह्याच्या निवासी क्रीडाशाळेत या तालमीतून एकच मुलगी जाणार होती. जी जिंकेल ती.

ईश्वरी मनालीकडून आधी दोनदा हरली होती. पहिल्यांदा हरली तेव्हा बाजीराव वस्तादांनी सगळ्यांसमोर तिच्या पोटऱ्यांवर छडीचे बारा फटके ओढले होते. दुसऱ्यांदा मानेला धरून तिचं तोंड मातीत दाबलं होतं, नाकातोंडात माती जाऊन ती ठसकेपर्यंत. “चव घे,” ते म्हणाले होते. “हरलेल्याला हीच मिळते.”

आज तिसरी वेळ होती. पंच म्हणून हौद्याच्या कडेला वस्तादच उभे होते, शिट्टी तोंडात, छडी काखेत.

मनालीनं पट काढला, वाकून पाय धरून ओढले, आणि ईश्वरी तोंडावर आदळली. दात ओठात घुसले. ती उठतेय तोवर मनाली पाठीवर बसली आणि तिनं मानेवर असा रेटा दिला की ईश्वरीच्या डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचले. ईश्वरीनं कोपरानं मागं ढोसलं, मनालीच्या बरगडीत बसलं. मनाली कळवळली, पण सुटली नाही.

“दमलीस व्हय, वस्तादाची पोरगी?” ती कानाशी पुटपुटली. “पड की मग. लवकर पड. मला भूक लागलीया.”

भिंतीकडच्या मुली हसल्या. ईश्वरीनं मान वाकडी करून वर बघितलं. वडलांनी काखेतली छडी हातात घेतली होती.

तुम्हाला भीती ठाऊक असेल. परीक्षेची, अंधाराची, कुत्र्याची. ईश्वरीला त्या क्षणी वाटली ती भीती वेगळी होती. ती डोक्यात आली नाही, थेट हातात उतरली. गोठ्यामागं वडलांनी तिला एक डाव शिकवला होता. त्याला ते खिळी म्हणत. समोरचीचं कोपर दुमडायचं, आपला हात त्यात खालून घालून तिचं मनगट धरायचं आणि वर रेटत पिळायचं. सांध्यावरचा डाव, म्हणून कुस्तीत त्याला बंदी. “ठाऊक असावा म्हणून शिकवतोय,” ते म्हणाले होते, “वापरायचा न्हाय.”

ती गर्रकन वळली. मनालीचं डावं कोपर तिच्या हातात आपसूक दुमडलं. मनाली म्हणाली, “ए, ए, सोड.” ईश्वरीनं सोडलं नाही. वर रेटलं आणि पिळलं.

ओली फांदी मोडताना येतो तसा आवाज आला.

मनाली क्षणभर ओरडलीसुद्धा नाही. आपल्या हाताकडं बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग ती ओरडली आणि भिंतीकडच्या मुली एकदम उभ्या राहिल्या.

“सगळ्या बाहेर,” वस्ताद म्हणाले. “पाणी आणा. बर्फ बघा कुठं मिळतो का. पळा.”

हौद्यात तिघंच राहिली. ईश्वरी मनालीशेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिला थोडा धीर आला, कारण आता वस्ताद हाड बसवणार होते. पंचक्रोशीतून माणसं त्यांच्याकडं निखळलेले खांदे बसवायला येत. कसं करतात ते तिनं शंभरदा बघितलं होतं. आधी कोमट तेल. मग गप्पा. सकाळी काय खाल्लंस, भाकरी की चपाती, तोंडी लावायला कोरड्यास काय होतं. समोरचा सांगायला लागला की वाक्याच्या अध्येमध्येच एक झटका, आणि सांधा जागेवर.

आज त्यांनी तेलाची बाटली उघडली नाही. सकाळी काय खाल्लंस ते विचारलं नाही. त्यांनी दाराकडं बघितलं. बाहेर कुणी नाही याची खात्री केली. मग मनालीच्या काखेत टाच रोवली, मनगट दोन्ही हातांनी धरलं, हात सरळ केला आणि खसकन मागं ओढला. मनालीच्या तोंडून निघालेला आवाज माणसाचा वाटत नव्हता. त्यांनी पुन्हा ओढला. आता तिचा आवाजही आला नाही, डोळे पांढरे झाले आणि मान मातीत कलली.

वस्तादांनी तळव्यांची माती झटकली. ईश्वरीची हनुवटी चिमटीत धरली.

“काय झालं?”

तिची नजर मनालीकडं गेली, तशी त्यांनी हनुवटी आपल्याकडं वळवली.

“हातावर पडली. काय झालं?”

“हातावर पडली.”

“कुणी इचारलं तर?”

“हातावर पडली, वस्ताद.”

तालमीत ती त्यांना वस्ताद म्हणे आणि घरी अण्णा. हा नियम त्यांचाच होता.

त्यांनी हे का केलं, ते सांगायला हवं. अजगर आल्यापासून ‘पडलो’ म्हणून सुटणं अवघड झालं होतं. पडून मोडलेल्या हाडाची वाट वेगळी, कुणी पिरगळलेल्या हाडाची वेगळी. पिळाची वाट दिसली की यंत्र आपणहून बालसुरक्षा समितीला अहवाल धाडत असे. पहिल्या दोन वर्षांत कितीतरी बाप, मामा, शाळेतले शिक्षक असे उघडे पडले. मग मारणाऱ्यांनीही यंत्राचा अभ्यास केला. त्यांच्या ध्यानात आलं की मोडल्या मोडल्या, सूज चढायच्या आत, हात सरळ करून जोरात ओढला तर धागे विस्कटतात. पहिली वाट झाकली जाते आणि यंत्राला दिसते ती शेवटची, साध्या पडण्याची. याला लोक ‘पुसणं’ म्हणायला लागले होते. बंदी असलेल्या डावानं मूल जायबंदी झालं असं कळलं असतं तर माणकेवाडीच्या तालमीला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. वस्तादांनी मनालीचा हात पुसला होता.

ईश्वरीला ‘पुसणं’ हा शब्द माहीत होता. शाळेत मोठी मुलं बोलत. पण आपल्या घरातलं माणूस हे करेल, हे तिला त्या तेलाच्या न उघडलेल्या बाटलीकडं बघेपर्यंत खरं वाटलं नाही.

*

तालुक्याच्या बालरुग्णालयात डॉ. हेगिष्टे नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी मनालीचा हात हातात घेतला, मनगटाची नाडी चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“नाडी लागतेय, पण अगदी बारीक,” त्या म्हणाल्या. “कसं झालं हे?”

“हातावर पडली,” वस्ताद म्हणाले. “सांधा निखळला असंल.”

“मुलांचा सांधा सहसा निखळत नाही, वस्ताद. त्यांचे सांध्याचे पट्टे हाडापेक्षा चिवट असतात. मोठ्या माणसाचा जिथं सांधा सुटतो तिथं मुलाचं हाड तुटतं.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “कोपराच्या वर, इथं, दंडाचं हाड मागूनपुढून खोलगट असतं. मधे पापडाएवढं पातळ. तिथंच गेलंय. तुम्ही हात लावला का याला?”

“न्हाय.”

तेवढ्यात मनालीची आई आली. रंजना कोळेकर दूध संघाची गाडी चालवत असे. अंगावर संघाचा निळा कोट, हातात अजून गाडीची चावी. ती थेट लेकीच्या उशाशी जाऊन उभी राहिली. मनाली शुद्धीत होती. खांद्यापासून हात बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, झोपेचं औषधही थोडं.

“आये, अजगर चावतो का गं?” तिनं जड जिभेनं विचारलं.

“त्याला दात कुठलं,” रंजना म्हणाली. “नीज.”

अजगरानं मनालीच्या हाताला वेढा घातला. पडद्यावर हाड उमटलं, तुटलेला खालचा तुकडा मागं सरकलेला. यंत्रानं आपला निर्णय दाखवला, सरळ हातावर पडणं, नेहमीची वाट. वस्तादांनी सुटकेचा श्वास टाकला. फक्त ईश्वरीला तो ऐकू आला, कारण भिंतीशी ती त्यांना अगदी खेटून उभी होती. तिच्या केसांत, कानांत, नखांत अजून तांबडी माती होती.

उशा फुगायला लागल्या. तुकडा खाली ओढला गेला, मग पुढं ढकलला जाऊ लागला. आणि अचानक यंत्र थांबलं. पडद्यावरची नाडीची लाल रेघ आडवी झाली.

डॉक्टरीणबाईंनी बाहीतून बाहेर आलेली मनालीची बोटं धरली. ती कणकेच्या गोळ्यासारखी पांढरी पडली होती. मनगटाची नाडी लागेना.

“सोड, सोड, मागं घे,” त्या यंत्राला माणसासारखं म्हणाल्या आणि कळ दाबली. उशा सैल झाल्या. बोटं पांढरीच राहिली.

“काय झालं?” रंजनानं विचारलं.

“रक्तवाहिनी अडकलीय. हाडाच्या दोन तुकड्यांत. दारात ओढणी अडकते तशी.” डॉ. हेगिष्टे हळू आणि स्पष्ट बोलत होत्या. भीती वाटली की चांगले शिक्षक असेच बोलतात. “यंत्राला दिसली ती वाट खोटी होती. तुकडा आधी दुसरीकडं कुठंतरी गेला आणि मग इथं आला. पहिली वाट कळली नाही तर आणखी एका रेट्यात वाहिनी कापली जाईल.”

“मग कापून बघा की आत.”

“बघितलं असतं. पण कोपर उघडून वाहिनी सोडवणारा सर्जन आता शहरात एकच उरलाय, अडीच तासांवर. हे यंत्र आलं आणि ते काम शिकायचं लोकांनी सोडून दिलं. या हाताकडं दोन तास नाहीत, रंजनाताई. फार तर एक. त्यानंतर बोटं मिटणार नाहीत. कदाचित हातच ठेवता येणार नाही.”

रंजनाच्या हातातली चावी खाली पडली.

“वस्ताद,” डॉ. हेगिष्टे वळल्या, “नीट आठवून सांगा. कसा मोडला?”

“एकदा सांगितलं न्हवं. चाळीस वरीस तालीम चालवतोय मी. पोरं पडतात.”

“तू होतीस तिथं?” त्या ईश्वरीपुढं वाकल्या.

“ती माझी पोरगी आहे. तिनं बी तेच बघितलंय.”

“मी तिला विचारतेय.”

ईश्वरीनं खाली बघितलं. वडलांचा हात तिच्या मानेवर आला होता, लोकांना दिसायला मायेचा. अंगठा मात्र मणक्यावर रुतत होता. बोलली तर क्रीडाशाळा गेली. तालीम गेली. आणि घरी गेल्यावर गोठ्यामागं जे होईल ते कुणाला दिसणार नव्हतं. न बोलली तर मनालीचा हात गेला. यात मधली जागा कुठंच नव्हती, ती शोधून दमली. समोर पलंगावर ती पाच पांढरी बोटं होती. सकाळी याच बोटांनी तिची मान दाबली होती, इतकी घट्ट की डोळ्यांपुढं काळे ठिपके आले होते.

“मी पिळलो,” ती म्हणाली.

कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

“मी पिळलो तिचा हात. खिळी घातलो. कोपर दुमडून. ती सोड म्हणाली, मी सोडलो न्हाय.”

रंजनाचा हात सुटला. इतक्या जोरात की ईश्वरी भिंतीवर आदळली आणि सकाळचा फुटलेला ओठ पुन्हा फुटला. तिनं हनुवटीवर आलेलं रक्त मनगटानं पुसलं. रडली नाही. ती आता घाईत होती.

“अजून एक सांगायचं हाय.”

“ईश्वरी,” वस्ताद म्हणाले.

“मग त्यांनी ओढला. सगळ्यांना भायेर घालवून. दोनदा. तेल बी लावलं न्हाय.”

बाजीराव वस्तादांनी तिची वेणी मुठीत धरली आणि तिला फेकलं. ती स्टीलच्या गाडीवर पोटावर आपटली, ट्रे, कात्र्या, बाटल्या खणखणत खाली आल्या. ते पुन्हा पुढं झाले तेव्हा मधे डॉ. हेगिष्टे उभ्या होत्या, त्यांच्या छातीपर्यंतही न पोहोचणाऱ्या.

“मारायचं असेल तर नंतर मला मारा,” त्या म्हणाल्या. “आत्ता मला तुमचे हात लागणार आहेत. दोघांचेही.”

मग त्यांनी भराभर समजावलं. दोन जोर लागलेत. पहिल्या पिळानं तुकडा पुढं गेला आणि फिरला, वाहिनी त्याच्याबरोबर गुंडाळली गेली. दुसऱ्या ओढीनं तो मागं आला आणि वाहिनी मधे चेपली. आता आधी दुसरी वाट उलटी चालायची, मग पहिली. घराबाहेर पडताना आधी खोलीचं दार आणि मग अंगणाचं फाटक ओलांडलं असेल, तर परत येताना आधी फाटक लागतं, तसं. पण नुसतं ‘पिळला’, ‘ओढला’ म्हणून यंत्राला कळत नाही. किती, कुठल्या अंगाला, मनगट कसं धरून, हे त्याला मोजायला लागतं. त्यांनी कपाटातून दुसरी बाही काढली. ती फक्त जोर मोजायला होती, आत घातलेल्या हाताला इजा होऊ न देणारी.

“कुणाच्या तरी हातावर करून दाखवायला हवं. पहिला डाव आधी.”

“माझ्या,” रंजनानं निळ्या कोटाची बाही वर सारली. ईश्वरीकडं न बघता तिनं हात बाहीत घातला. “कर. माझ्या लेकराला कसं केलीस ते मला बी कळू दे.”

ईश्वरीनं तिचं कोपर दुमडलं. आपला हात खालून घातला. मनगट धरलं.

“असं धरलो. मग असं वर. मग…”

“मग?”

“दुखंल, काकू.”

“कर म्हणते न्हवं.”

तिनं पिळलं. उशा टणक झाल्या, पण रंजना कण्हलीच. डोळे मिटून ती तशीच उभी राहिली, बाही काढली तरी. पडद्यावर एक हिरवी वाट उमटली, पुढं जाऊन वळणारी.

“आता दुसरा. वस्ताद.”

“मी काय केलेलं न्हाय.”

घड्याळात बावीस मिनिटं गेली होती. पलंगावरची बोटं आता पांढरीही नव्हती, निळसर होत होती.

ईश्वरीनं रंजनाच्या हातून बाही घेतली. स्वतःचा डावा हात त्यात घातला, दातांनी पट्टा ओढून आवळला आणि वडलांपुढं जाऊन उभी राहिली.

“माझ्यावर दाखवा.”

त्यांनी हात पाठीमागं घेतले.

“हातावर माती हाय अजून तुमच्या. तिच्या मनगटाची. दाखवा.”

त्यांनी तिचं मनगट धरलं, खाली वाकले आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, “मोडीन.”

“मोडा,” ती म्हणाली. “पण तिचा ओढलासा त्याच बाजूनं ओढा.”

बाजीराव वस्तादांनी आयुष्यात कितीतरी माणसं चीत केली होती. समोरच्या माणसाचं वजन कुठं आहे, तो कुठल्या पायावर हलका आहे, हे त्यांना हात लावताच कळायचं. त्यांनी लेकीच्या मनगटाला हात लावला होता आणि ती कुठंच हलकी नव्हती. त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिच्या काखेत टाच रोवली. ओढलं. जेवढा राग होता तेवढ्या जोरानं ओढलं. बाहीतल्या चौसष्ट उशा एकदम फुगून दगडासारख्या झाल्या, त्यांनी कोपर धरून ठेवलं. तरी खांद्यापर्यंत आग गेली आणि ईश्वरी फरशीवर कलली.

“दोनदा ओढलासा,” ती खालूनच म्हणाली.

त्यांनी पुन्हा ओढलं. या वेळी जोर निम्माच होता. ओढून झाल्यावर ते आपल्या तळव्यांकडं बघत उभे राहिले आणि मग दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

पडद्यावर दुसरी वाट आली, लाल. हिरवीवर बरोबर आडवी.

“मिळाली,” डॉ. हेगिष्टे म्हणाल्या.

अजगर कामाला लागला. आधी लाल वाट, उलटी. तुकडा केसाकेसानं मागून सुटला. यंत्र थबकलं, वाहिनी सरकली का ते चाचपलं, पुन्हा निघालं. मग हिरवी वाट, तीही उलटी. पुढून वळत वळत, पिळाच्या विरुद्ध. रंजना पदर तोंडात धरावा तसा कोटाचा कोपरा दातांत धरून उभी होती. मग पडद्यावरचे दोन तुकडे एकमेकांत बसले. नाडीची आडवी लाल रेघ थरथरली. एकदा उसळली, पुन्हा उसळली.

बोटांच्या टोकांना पहिल्यांदा रंग आला तो जांभळट. मग तळव्याकडून एक गुलाबी लाट वर चढत गेली, पाण्यानं मातीचा पाट भिजत जावा तशी.

दोन सुया आत गेल्या. रंजना पलंगाच्या कडेला बसली आणि तिला हुंदका आला.

“अजून संपलं नाही,” डॉ. हेगिष्टे म्हणाल्या. “वाहिनी चेपली होती, ती पुन्हा आकसू शकते. पुढचे सहा तास कुणीतरी बोटांवर लक्ष ठेवायला हवं. पडदा आहेच, पण माझा डोळ्यांवर जास्त भरवसा आहे. परिचारिका एकच आहे आज.”

“मी बसते,” रंजना म्हणाली. पण तिला कोटाचं बटणही धड लावता येईना.

“काय बघायचं असतं?” ईश्वरीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगाशी बोलावलं. मग मनालीचं करंगळीचं नख तिच्या चिमटीत दिलं. “दाब. पांढरं झालं? सोड आता, आणि मोज. एक, दोन. दोनच्या आत गुलाबी व्हायला पाहिजे. तीन झाले तर मला हाक मार. पाचही बोटं, दर पंधरा मिनिटांनी.”

रंजना ऐकत होती. ती उठून या मुलीला हाकलेल असं खाली पडलेले ट्रे गोळा करणाऱ्या परिचारिकेला वाटलं. रंजना उठली, भिंतीशी पडलेलं स्टूल तिनं पायानं पलंगाकडं सरकवलं आणि दूध संघाला फोन करायला बाहेर गेली.

बाकावरून बाजीराव वस्ताद उभे राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली होती, अहवाल पाठवला. त्यांनी ती वाचली होती. समितीची माणसं यायला फार तर तास लागला असता.

“चल,” ते म्हणाले.

मनालीनं अर्धवट डोळे उघडले. आपली करंगळी कुणीतरी धरली आहे हे तिला दिसलं, कळलं नसावं.

“अजून सोडली न्हाईस व्हय,” ती पुटपुटली.

“सोडतो की,” ईश्वरी म्हणाली. “सोडल्यावरच मोजायचं असतं. गप पड.”

“ईश्वरी. चल म्हणतोय.”

दार उघडं होतं. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि त्यांची मोटारसायकल होती. आणि मुलांनो, ईश्वरीनं मग हे केलं. तिनं वर बघितलं नाही. करंगळी दाबली, नख पांढरं झालं, सोडलं. एक, दोन. गुलाबी. तिनं त्याच्या शेजारचं बोट धरलं. मागं तिसऱ्यांदा हाक आली, आता दारातून, आणि तिनं हात वर करून त्यांना थांबवलं, कारण ती मोजत होती.